वीतभर उंच

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी ट्रक आणला. कामठीच्या छावणीत लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, तिथून. आणला म्हणजे काय, नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत तो साखळीनं ओढत आला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा, पाऊण टनाचा, चारही चाकांना जोर मिळणारा. एक दार नव्हतं, डोक्यावर छत नव्हतं आणि सीटच्या काथ्यात उंदरांनी संसार मांडला होता. गल्ली बघायला जमली. "बुढ्यानं हत्ती पाळला गा," असं कुणीतरी म्हणालं आणि त्या दिवसापासून तो हत्तीच झाला.

बाबा लष्करात ड्रायव्हर होते. असलाच ट्रक त्यांनी बर्फात, वाळूत, नदीच्या पाण्यात चालवला होता. पुढे काही वर्षं एका लाकडाच्या वखारीवर ट्रक चालवला आणि मग घरी बसले. बसणं त्यांना जमत नव्हतं हे मला दिसत होतं. पण त्यासाठी दारात हत्ती?

"हे काहून आणलं?" आईनं विचारलं.

"फिरायले," बाबा म्हणाले. "पचमढी पाहू, चिखलदरा पाहू. जलमभर दुसऱ्याचा माल वाहिला, आता तुले फिरवतो."

"मले नाई फिराचं या डबड्यात," आई म्हणाली आणि आत गेली. मी मात्र त्या डबड्याच्या प्रेमात पडले. मी तेव्हा तेवीस-चोवीसची, टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांची ओरड ऐकायची आणि गोड आवाजात "थांबा" म्हणायचं. माझ्या नाकावरचा राग तिथे कामाचा नव्हता. घरी येऊन तारेच्या ब्रशनं गंज खरवडताना तो सगळा बाहेर पडायचा. मुलीच्या जातीनं ग्रीस चोळत बसावं का, यावर गल्लीत पुष्कळ चर्चा झाली. मी ती ऐकायला कधी थांबले नाही.

इंजिन बाबांनी स्वतः उघडलं. एकेक भाग घासलेटात धुऊन अंगणात जुन्या धोतरावर मांडला. कुठला नट कुठला, हे मी वहीत चित्र काढून लिहीत असे. सहा महिन्यांनी एका रविवारी इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि चालू राहिलं. आई हात पुसत दारात आली.

गाडी सुरू झाली, रंग झाला. मला वाटलं, संपलं काम. तर बाबा म्हणाले, "आता हिले उंच कराचं."

कामठी रस्त्यावर एक म्हातारा मिस्त्री होता. ट्रकच्या कमानींचे पाटे बनवण्यात त्याचा हात धरणारा नागपुरात नव्हता. पाटे म्हणजे चाकावर आडव्या बसवलेल्या पोलादी पट्ट्यांची चवड. तिच्यावर सगळी गाडी तोललेली असते. मिस्त्रीनं ते सोडवले, भट्टीत लाल केले, ठोकून जास्तीचा बाक दिला, वर मोडीतल्या बसचे दोन-दोन पाटे चढवले. खाली लोखंडी ठोकळे बसवले. चाकंही मोठ्या ट्रकची लावली, त्यासाठी पुढचे मडगार्ड कापले. गाडी उंच झाली आणि ब्रेकची रबरी नळी आखूड पडून तुटली. पहिल्याच फेरीला हत्ती उतारावरून जाऊन महानगरपालिकेच्या कचराकुंडीवर आदळला. गल्लीचं महिनाभर मनोरंजन झालं. बाबांनी लांब नळी बसवली आणि परत पाट्यांच्या मागे लागले.

"आणखी उंच," ते मिस्त्रीला म्हणत.

"भाईसाब, कितना? आसमान में ले जाना है क्या?" मिस्त्री वैतागायचा.

बाबांजवळ एक बांबूची काठी होती. तिला चाकूनं एक खाच पाडलेली. दर वेळी ते ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसत, मला काठी जमिनीवर उभी धरायला लावत आणि खाच डोळ्यांच्या कुठे येते ते बघत. पहिल्यांदा खाच डोळ्यांच्या वर वीतभर होती. मग चार बोटं. मग दोन. मी विचारलं, "कशाचं माप आहे हे?" तर म्हणाले, "रस्ता खराब हाय. गाडीचं पोट घासलं नाई पायजे." गाडीच्या पोटाचं माप डोळ्यांपाशी कोण घेतं? मी मूर्ख नव्हते. खाच बघता बघता एका संध्याकाळी मला बाबांच्या गावचा ओटा आठवला.

त्या ओट्याची गोष्ट मी पंधराची असताना आईनं सांगितली होती. बाबांचं गाव भिवापूरच्या पुढे, पक्क्या रस्त्यापासून आत. गावाला दगडी वेस होती आणि वेशीतून आत शिरलं की लगेच मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, ओटा. आमच्या लोकांची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. वेशीतून जायचं असेल तर आमच्या माणसानं बैलगाडीतून उतरायचं, पायातलं हातात घ्यायचं आणि ओट्यासमोरून चालत जायचं. गाडी मागून रिकामी यायची. नाही तर गावाला वळसा घालून, शेणखताच्या खड्ड्यांमधून मागची वाट होतीच.

लग्न करून बाबा आईला घेऊन आले तेव्हा अंगावर लष्कराची वर्दी होती, पायात बूट होते. वेशीपाशी गाडीवान थांबला. बाबा उतरले. चपला पटकन निघतात, बुटांचं तसं नसतं. ते धुळीत बसले आणि नाड्या सोडायला लागले. घट्ट गाठी, सुटेनात. ओट्यावरची माणसं बघत होती. "अरे, सायबाच्या नाड्या सोडून द्या रे कोनी," असं एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मग वर्दीतला शिपाई दोन हातांत दोन बूट घेऊन अनवाणी चालत गेला, आणि त्याच्या मागून नवी नवरी.

मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात जाळ झाला. बाबा जेवत होते. मी सरळ जाऊन विचारलं, "तुम्ही उतरलेच काहून?"

बाबा ताटावरून उठले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मलाही वाईट वाटलं नाही, इतकी मी आगाऊ होते. आपण त्या माणसाला काय विचारलं हे कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली.

दीक्षेनंतर बाबांनी गावात पाय टाकला नव्हता. मागच्या वाटेनं जायचं नाही आणि पुढून उतरून जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, तिथेच राहायची. दर दसऱ्याला पांढरं पातळ नेसून दीक्षाभूमीवर यायची आणि दोन दिवस आमच्याकडे राहायची. मी तिला विचारत असे, "आता तर कुणी अडवत नसेल?"

"कोन अडवते बाप्पा आता," आत्या म्हणायची. "कायदा हाय ना."

"मग तू गाडीतून उतरतेस की नाही?"

"उतरतो आपले. सवय हाय. काय जाते माह्यं?"

याचा मला मालगुजारापेक्षा जास्त राग यायचा. कुणी सांगत नाही, कुणी दटावत नाही, तरी वेस आली की माणसं आपली आपण उतरतात! मी तिच्यावर ओरडले की आत्या हसून माझ्या हातावर चुना-तंबाखूच्या वासाचा हात ठेवायची आणि म्हणायची, "तू नागपूरची हायस वं."

तर बाबांची खाच त्या ओट्यावर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची होती. जमिनीपासून ओटा किती, ओट्यापासून डोळे किती, सगळं त्यांना बोटाबोटानं पाठ होतं. त्या माणसाला वर मान करून आपल्याकडे बघायला लावायचं होतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे मीच म्हणाले, "चाचा, अजून दोन बोटं चढवा."

शेवटी खाच डोळ्यांच्या खाली चांगली चार बोटं गेली. मिस्त्रीनं एक शेवटचं काम सांगितलं: नवे पाटे वजनाखाली बसू द्यायचे. आम्ही भट्टीवरून विटा भरल्या. पाटे कुरकुरले आणि गाडी बघता बघता खाली आली. मी काठी धरली, तर खाच बरोबर डोळ्यांसमोर. बाबांचा चेहरा पडला. विटा उतरवल्या तेव्हा गाडी परत वर आली आणि बाबांनी नियम केला: हत्तीवर तिघांच्या वर चौथं माणूस चढणार नाही. शेजारच्या बाया बाजारापर्यंत सोडा म्हणाल्या, त्यांनाही नाही म्हणाले. त्यावरून गल्लीत आम्ही माजलो असं ठरलं. उन्हासाठी म्हणून त्यांनी पुढच्या सीटवर पत्र्याचं पक्कं छत वेल्डिंग करून घेतलं. मी म्हणत होते, ताडपत्री पुरे. पण आमच्या घरात हट्ट कुणाकडून आला हे सांगायला नको.

उन्हाळा लागायच्या आधी आम्ही निघालो. बाबा, आई आणि मी. बाबांनी बूट घातले होते, पॉलिश करून, नाड्यांना दुहेरी गाठ मारून. आईनं ते पाहिलं आणि स्वतःची ठेवणीतली चप्पल पेटीतून काढून पायात घातली. तिला सगळं माहीत होतं, बहुतेक पहिल्या दिवसापासून.

उमरेड गेलं, भिवापूर आलं. शेतांमधून मिरच्या वाळत घातलेल्या, लांबपर्यंत लाल. उघड्या बाजूंनी ठसका आत आला आणि तिघंही खोकत, डोळे पुसत हसलो. पक्का रस्ता सोडल्यावर काळ्या मातीतल्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या लागल्या, वाळून दगड झालेल्या. मधला उंचवटा गुडघ्याएवढा. दुसरी कुठली गाडी तिथे पोटावर लटकली असती. हत्ती आरामात गेला. नाल्यात बाबांनी चारही चाकं लावली आणि आम्ही पाणी उडवत पलीकडे निघालो. बाबा गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग वेस आली.

बाबांनी गाडी थांबवली. वर पाहिलं. खाली उतरले, परत वर पाहिलं. मग टपावर चढून वेशीच्या कमानीपाशी हात नेला. चार बोटं. आमचं पत्र्याचं छत वेशीच्या कमानीपेक्षा चार बोटं उंच होतं.

ओट्याचा प्रत्येक दगड पाठ असलेल्या माणसाला वेशीची उंची माहीत नव्हती. असणार कशी? त्या वेशीखालून बाबा कधी मान वर करून गेलेच नव्हते. मला हसू आलं, आणि त्याच क्षणी इतकं रडू आलं की मी तोंड फिरवलं.

आवाज ऐकून आमच्या वस्तीतली माणसं मागच्या वाटेनं धावत आली होती. पुढे आत्या. आईला मिठी मारली, भावाच्या तोंडावरून हात फिरवला. वेशीच्या आत, ओट्यावर, मालगुजाराचा मुलगा उभा राहिला. आता तोही पन्नाशीचा, बाप जाऊन वर्षं झाली होती. भला दिसत होता. तो मोठ्यानं म्हणाला, "काकाजी, येथून नाई निघत तुमची गाडी. मागून घ्या ना, तिकडून मोकळा रस्ता हाय."

मनात काही नसेल त्याच्या. पण 'मागून घ्या' हे शब्द बाबांच्या तोंडावर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांपूर्वी ताटावरून उठताना जसं पाहिलं होतं, तसंच. चाकांतली हवा काढावी तर भरायचा पंप घरी राहिला होता. छत पक्कं.

"भाऊ, जाऊ दे ना गा," आत्या म्हणाली. "मागून चाल. काय जाते आपलं?"

मागून? मी दात खाऊन गाडीकडे बघत होते. आणि मला विटा आठवल्या.

"बाबा," मी म्हणाले, "विटा."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि इतके दिवस चौथं माणूस चढू न देणारे माझे बाबा मागचं फळकूट धाडकन पाडून ओरडले, "चढा! समदे चढा!"

कुणी हललं नाही. आत्याच म्हणाली, "चढतो, पन वेशीपाशी उतरू."

"वेशीपासून तर बसाचं हाय, बाई."

"असं कसं? ओटा हाय ना पुढं."

"ओटा हाय म्हनूनच."

मी आत्याचा हात धरला. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी ओरडले नाही. "आत्या, तू नाही बसलीस तर गाडी आत जात नाही," एवढंच म्हणाले. ते खरंच होतं. तिनं वेशीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, भावाच्या बुटांकडे पाहिलं. मग पातळ खोचलं आणि आईच्या शेजारी पुढच्या सीटवर चढली. ती चढली तशी मागे रांग लागली. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं. वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसली. मी सीटच्या मागेच जागा धरली. पाटे कुरकुरले आणि हत्ती खाली बसू लागला.

"कोनी उभं राहू नका," बाबा ओरडले. "उभं राहिलं तर डोकं फुटन. बसूनच राहा!"

पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलानं आत शिरली. डोक्यावरून दगड करकरत गेला. छताचा रंग निघाल्याची ती रेघ पुढे बाबांनी कधी रंगवू दिली नाही. आम्ही वेस पार केली. माझ्यासमोर आत्याची पाठ होती आणि तिच्या मांडीवर तिच्या चपला. कधी काढल्या होत्या तिनं? चढतानाच, बहुतेक. सवय.

बाबांनी बरोबर ओट्यासमोर गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. मालगुजाराचा मुलगा ओट्यावर परत बसला होता. पंचवीस माणसांच्या वजनानं गाडी खाली आली होती आणि वीतभर चढवलेल्या उंचीतलं जास्तीचं सगळं गेलं होतं. बाबांचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या समोरासमोर होते. बाबांनी वर्षभर खाली बघायची तयारी केली होती. पण समोर बघायला त्यांना काहीच जड गेलं नाही.

तो माणूस गोंधळला. मग रीतीप्रमाणे म्हणाला, "उतरा ना काकाजी. चहा घेऊन जा."

बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"आज नाई उतरत," ते म्हणाले. "चहा इथंच पाठवा."

कुणाच्या तरी कडेवरचं पोर रडलं, त्याला आईनं छातीशी धरलं. तो माणूस उठला. बराच वेळ आत होता. आतून एका म्हातारीचा चढलेला आवाज आला, मग भांडी वाजली. शेवटी गडी बाहेर आला आणि त्यानं ओट्याच्या कडेच्या देवळीतून चार कप काढले. कान तुटलेले, धूळ बसलेले, वेगळे ठेवलेले. ते कुणासाठी असतात हे गाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

एक्स्चेंजातला सगळा गोडवा विसरून मी म्हणाले, "ते नाही. घरातले आणा."

गडी मालकाकडे बघत राहिला. मालक माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतःच आत गेला आणि फुलांच्या नक्षीचे कप-बशा घेऊन आला. पहिला कप त्यानं ओट्यावरून हात लांब करून पुढे केला. बाबांनी घेतला आणि आत्याला दिला. कपासाठी हात मोकळे हवेत म्हणून आत्यानं मांडीवरच्या चपला खाली टाकल्या. आईनं वाकून त्या तिच्या पायांपाशी सरकवल्या आणि आत्यानं पाय आत घातले.

सगळी गाडी तिच्याकडे बघत होती. आत्यानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग ओट्याकडे तोंड करून, घाई न करता, तिनं सांगितलं, "साखर कमी हाय गा."